पिट्टे आन मीन

व्हॉलीबॉलमधी सगळ्यात बेकार काम लिफ्टरचं, असं मले वाटे. मारते शूटर, टाळ्या शूटरले, फोटो शूटरचा. लिफ्टर काय करते? नेटजवळ उभी राहून बोटाईवर बॉल उचलून देते. झालं तिचं काम. आन मी, दीपाली मारभते, आमच्या कॉलेजची शूटर. धीवराची पोरगी आहो, लहानपणापासून बापासंग तलावात जाळं ओढून खांदा तयार झालेला. माहा आवाज बी मोठा आन हात बी मोठा. मले बॉल भेटला पाहिजे, एवढंच माहं म्हणणं.

पण बॉल कोणाले द्यायचा हे लिफ्टर ठरवते. तिथीच सारी भानगड होती.

आमची लिफ्टर मंगली पुंगाटी. भामरागडकडची माडिया गोंडाची पोरगी. उंची माह्या खांद्याएवढी आन बोलणं त्याच्याहून कमी. वर्गात सगळ्यात मागच्या बाकावर बसे. सरांनी काही इचारलं त मान खाली. पहिल्या वर्षी त मले वाटलं होतं, ही मुकी आहे का काय. पण नेटजवळ उभी राहिली का वेगळीच. तिथून ती एक शब्द बोले आन आमी पाच जणी त्या शब्दावर पळत सुटो. अख्ख्या कॉलेजात तिचं ऐकणारी तेवढी एकच जागा होती, आन ती जागा तिच्या जिवापाड होती.

शब्द दोनच. तिच्या बोलीतले. 'पिट्टे' म्हणजे पाखरू, 'मीन' म्हणजे मासोळी. 'पिट्टे' म्हणलं का बॉल उंच, डाव्या कोपऱ्यात, माह्यासाठी. 'मीन' म्हणलं का बॉल खालून, सपकन, मधात उभ्या असलेल्या मनकर्णासाठी. समोरच्याले काही समजाच्या आत मनकर्णा मारून मोकळी. मले दुःख एवढंच का मंगली 'मीन' लय वेळा म्हणे.

"मी काय इथी हवा खायले उभी आहो का वं?" मी भांडे तिच्यासंग.

"तुह्यासमोर दोघी उभ्या होत्या," ती म्हणे. बस. पुढं शब्द नाई.

यंदा कॉलेजात साधना आली. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली, शाळेत असतानी राज्यापर्यंत खेळलेली, चांगली उंच. तिनं उचललेला बॉल म्हणजे ताटात वाढलेला भात, नुसता हात घालायचा. आन मुख्य म्हणजे ती मलेच देत जाये. मी त पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सर, आता हीच लिफ्टर."

पण लोकेश सरांच्यानं काही ठरत असंन त शपथ. आमचे खेळाचे सर, माणूस लाखात एक, पण हॉटेलात गेले का समोसा घेऊ का आलुबोंडा ह्यातच त्याईचा चहा थंड होते. एक दिवस साधना, एक दिवस मंगली, असंच चालू होतं.

आता फळ्याचं सांगते. आमच्या कॉलेजच्या गेटवर एक काळा फळा आहे. शिपाई दसरूभाऊ त्यावर सामन्याचा निकाल लिहिते. "आपला संघ पराभूत." आमी आलो तवापासून हेच. शेवटी त्या माणसानं काय करावं? 'पराभूत' हा शब्द पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहून टाकला! बाकीचं खडूनं, पराभूत तेवढा पक्का.

"खडू वाचते न वं बाई," मलेच समजावून सांगतलं वरून.

जाता-येता पोरं फळ्याकडे पाहून आमच्याकडे पाहत आन दात काढत. माहं डोस्कं असं फिरे का तो फळाच उपटून नाल्यात फेकावा.

तर विद्यापीठाच्या स्पर्धा चंद्रपूरले होत्या. पहिल्या सामन्यात सरांनी साधनाले उतरवलं. ती मले उंच उंच बॉल दे, मी जीव तोडून मारो, पण समोरच्याईले आधीच माहीत, बॉल येईन त दीपालीकडेच. सेट गेला. सरांनी नखं खात खात मंगलीले आत पाठवलं. मंग पिट्टे, मीन, मीन, पिट्टे... समोरच्या पोरी चक्करल्या. आमी जिंकलो! दुसरा सामना बी तसाच जिंकलो. मी आन मनकर्णा ग्राउंडावरच लोळलो. सरांनी लगेच दसरूभाऊले फोन लावला.

"फोनवर कोणी काही बी सांगते सर," दसरूभाऊ म्हणे. "या तुमी, मंग पाहू."

फायनल चंद्रपूरच्याच एका मोठ्या कॉलेजसंग. त्याईचे बूट एकसारखे, बाटल्या एकसारख्या, मालिश कराले बी एक बाई. आमच्याकडे मधल्या सुट्टीत खायले मुरमुरे. तरी पहिला सेट आमी घेतला. मंगली 'मीन' म्हणे आन त्या माह्याकडे पळत, 'पिट्टे' म्हणे आन त्या मधात उभ्या. मले वाटलं, झालं, निकाल लागला.

दुसऱ्या सेटमधी मंगलीनं 'मीन' म्हणलं, आन मनकर्णा मारते त समोर चार हात भिंतीसारखे तयार. बॉल आपटून आमच्याच अंगावर. मले वाटलं, नशीब त्याईचं. पुढच्या बॉलले 'पिट्टे' म्हणलं, त त्याच पोरी माह्यासमोर आधीच येऊन उभ्या. तिसऱ्यांदा 'मीन' म्हणलं आन त्याईची कप्तान नेटमधून हासली.

"पाठव वं मासोळी, तळून ठेवते!"

रंजीता कोवे तिचं नाव. जिवतीकडची पोरगी, गोंडाचीच. तवा माह्या डोस्क्यात उजेड पडला. चंद्रपुरात शिकते म्हणून काय ती मायची बोली इसरली असंन? घरी तिची माय पाखराले पिट्टे आन मासोळीले मीनच म्हणत असंन ना! मंग पाखरू वर आन मासोळी खाली, हे समजाले तिले किती येळ लागते? आन आमी येडे, मोठ्या कॉलेजवाल्याईले आपली बोली कायची समजते, असं धरून बसलो. असा राग आला मले! रंजीतावर नाई, आमच्यावर. सेट त्याईनं घेतला, आन असा घेतला का लाज वाटली.

एक-एक झालं. शेवटचा सेट पंधराचा. सर घामानं भिजले होते.

"साधनाले आणा!" मी सगळ्याईसमोर ओरडली. "हिची भाषा फुटली आता. काय कामाची ही?"

बोलली त बोलली. मंगलीनं माह्याकडे पाह्यलं बी नाई. ती सरांसमोर जाऊन उभी राह्यली. वर्गात जिची मान कधी वर नाई झाली, ती सरांच्या डोळ्यात पाहून बोलून राह्यली होती.

"सर, ह्या सेटले मले राहू द्या. त्या कप्तानले आपली बोली समजते, हे आता मले बी समजलं."

"आन हारलो त?"

"हारलो त मी लिफ्टर नाई. उद्यापासून साधना. मी नेटजवळ नाई येईन."

ती एक जागा होती बिचारीची, आन तीच तिनं पणाले लावली. सर एकदा तिच्याकडे पाहत, एकदा साधनाकडे. समोसा का आलुबोंडा. मले वाटलं, आता पंच शिट्टी वाजवंन आन हे तसेच उभे राहतीन.

साधनाच मधात बोलली. "सर, तिलेच राहू द्या. मी समोर असती त मले तिचीच भीती वाटली असती."

"हाव," सर म्हणे. "मंगलीच." आन मले वाटते का जिंदगीत पहिल्यांदा त्याईनं दोन सेकंदात काही ठरवलं.

मी बडबडतच आत गेली.

तिसऱ्या सेटमधी मंगली बोललीच नाई. ना पिट्टे ना मीन. बॉल आला का नुसता उचलून दे, कधी इकडे, कधी तिकडे. आमी तिच्या हाताकडे पाहून पळो. कधी उशीर होये, कधी जमे. रंजीता बी बावचळली, कारण तिचे कान उभे आन ऐकाले काही नाई. पॉइंट त्याईचा, पॉइंट आमचा. मले त वाटून राह्यलं होतं, ही परत मुकी झाली.

"बोल ना वं काही! मेली का?" मी ओरडली. ती घाम पुसून जागेवर जाऊन उभी.

असं करता करता आमचे चौदा झाले, त्याईचे तेरा. एक पॉइंट. फक्त एक. बाकावर साधना दोन्ही मुठी आवळून उभी. सर त ग्राउंडाकडे पाठ करून उभे होते, त्याईच्यानं पाहवत नव्हतं.

सर्व्हिस आमची. रंजीतानं असा मारला का बॉल मनकर्णाच्या हाताले लागून सरळ वर गेला. मंगली त्याच्याखाली धावली. आन सेटभर मुकी राह्यलेली ती पोरगी अख्ख्या ग्राउंडाले ऐकू जाईन अशी ओरडली.

"पिट्टे!"

माहं नाव! माहा बॉल! कोणाले समजते आन कोणाले नाई, हे मले सुचलंच नाई. शेवटचा पॉइंट आन तो तिनं मले देला, एवढंच मले समजलं. मी अशी धावली का पायाखाली माती उडाली. समोर रंजीता आन तिच्यासंग दोघी माह्याकडे पळत आल्या. तिघी! येऊ द्या, म्हणलं, तिघीईचे हात मोडून टाकते आज. मी उडी मारली, कधी मारली नसंन एवढी उंच, आन हात फिरवला.

हवेत काहीच नव्हतं.

माहा हात रिकामाच खाली आला, नेटले लागता लागता वाचला. मी खाली पाहते त मंगली नेटकडे पाठ करून उभी, हात वर, मनगट मागं वळवलेलं. आन बॉल? तिनं तो उचललाच नव्हता. नुसता डोक्याच्या मागून, अंगावरचा धागा झटकावा तसा, नेटच्या पल्याड सोडला होता. मधातली जागा सताड रिकामी. बॉल तिथी आरामात पडला, दोन टप्पे खाल्ले आन गडगडत गेला.

पंचानं शिट्टी वाजवली. सरांनी वळून इचारलं, "काय झालं? कोणाचा?"

"आपला!" साधना बोंबलली आन बाकावरून उडी मारून थेट मंगलीच्या गळ्यात पडली. मंग आमी सगळ्याच. मनकर्णा रडून राह्यली होती, सर नाचून राह्यले होते, मुरमुऱ्याची थैली उलटून गेली. मी मंगलीले खांद्यावर उचललं आन अख्ख्या ग्राउंडाले चक्कर मारली. जिंकलो, बापा, जिंकलो! मोठ्या कॉलेजले, त्याईच्याच गावात, त्याईच्याच माणसाईसमोर!

हात मिळवाच्या वेळेस रंजीता माह्यासमोर थांबली. "मले शंका आलीच होती का ती फसवून राह्यली," म्हणे. "पण तू ज्या जोरानं आली ना, मले वाटलं, खोटं असतं त ही अशी काऊन पळाली असती? तुह्यापायी हारलो आमी." मंग ती मंगलीकडे वळली आन दोघी त्याईच्या बोलीत काहीतरी बोलून हासत सुटल्या. मले एक शब्द नाई समजला. 

बसमधी मी मंगलीले धरलंच. "मले काऊन नाई सांगतलं वं? मी काय समोरच्या टीमची होती?"

ती खिडकीतून पाहत होती. म्हणे, "सांगतलं असतं त तुह्या तोंडावर दिसलं असतं."

सगळी बस हासली. मी बी हासली, काय करंन? खरंच त होतं. माह्या तोंडावर सगळंच दिसते. ते तिनं वर्षभर नेटजवळ उभी राहून पाह्यलं होतं, आन ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी कामाले लावलं. तवापासून मी लिफ्टरले बेकार म्हणत नाई. कोणी म्हणलं त त्याच्यासंग भांडते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर ही गर्दी! दसरूभाऊ फळ्यासमोर बसून, हातात रॉकेलचा बोळा, 'पराभूत' घासून राह्यले होते. घासून घासून फळा चमकाले लागला, पण अक्षर काही हाललं नाई.

"निघत नाई बाई," मले पाहून रडकुंडीले आले. "लय चांगला पेंट होता. आता काय लिहू मी?"

"घासा अजून!" मी म्हणलं. "आन खडू वाचवा!"

मंगली मागून आली. तिनं ट्रॉफी माह्या हाती देली, दसरूभाऊच्या खिशातून खडू काढला. 'पराभूत'ले तिनं हातच नाई लावला. 'आपला' तेवढं तळहातानं पुसलं आन त्या जागी हळूहळू, गोल गोल अक्षरात लिहिलं. आमी सगळ्याईनं मोठ्यानं वाचलं.

"समोरचा संघ पराभूत."

दसरूभाऊनं ते दोनदा वाचलं. मंग डोकं खाजवून म्हणे, "पण मंगलीबाई, पुढच्या सामन्याले काय करायचं? हे त खडूचं आहे, पुसून जाईन."

मंगलीनं खडू त्याईच्या खिशात परत ठेवला.

"हे बी पेंटनं लिहा भाऊ," ती म्हणे.