शून्याची तारीख

“प्रत्येक रहिवाशाची दर दोन तासांनी पाहणी होते आणि एकही नोंद कोरी राहत नाही.” शुश्रूषागृहाचे लेखी उत्तर बाईंनी मोठ्याने वाचले आणि कागद टेबलावर सरळ करून ठेवला.

चाळीस वर्षे इतिहास शिकवलेल्या बाईंना बनावट कागद नवे नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ अकरा महिने इथल्या बारा नंबरच्या खोलीत राहत होता; तिथेच तो दुपारी पडला आणि संध्याकाळी थंडगार सापडला. मधल्या वेळात कोणी डोकावले होते का, एवढेच त्यांना हवे होते.

“कोरी नाही, हे खरंच.” त्यांनी खोलीच्या नोंदींची छापील पाने पुढे सरकवली. “दुपारी दोनची पाहणी, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. तेव्हा माझा भाऊ दुसरीत होता, साहेब. तुमचा माणूस फारच वेळेवर पोचला म्हणायचा.”

“मशीनची चूक हो, बाई,” व्यवस्थापकांनी हात झटकले. “तारीख चुकली, माणूस गेला होता.”

बाई संगणक सांभाळणाऱ्या प्रौढ गृहस्थांकडे वळल्या. तीन दिवसांच्या चौकशीने गृहस्थांचे डोळे तांबारले होते.

“तुम्ही सांगा.”

“मशीनचं घड्याळ सत्तर सालच्या त्या दिवसापासूनचे सेकंद मोजतं. दाराला कार्ड टेकवलं की आकडा चढतो. कुणी टेकवलंच नाही, तर शून्य राहतं. शून्य म्हणजे तोच दिवस.”

“आणि कार्डाशिवाय दार?”

“बाहेरून उघडत नाही.”

“मग नोंदीची चौकट कोरीच का नाही सोडली?”

गृहस्थ चाचरले. “कोरं दिसलं की वरून विचारणा यायची. साहेब म्हणाले, काहीतरी दिसू दे.”

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. मग त्यांनी सावकाश नोंदींचे पान उलटले आणि एका ओळीवर बोट ठेवले. नातेवाइकांची शेवटची भेट : १ जानेवारी १९७०.

“भेटीला येणाऱ्यांनाही आम्ही तेच कार्ड देतो,” ते जवळजवळ मायेने म्हणाले. “कशाला ताणायचं, बाई? मशीनचीच चूक म्हणू. दोन्हीकडे.”

गृहस्थांनी नजर खिडकीकडे वळवली.

दर रविवारी फोनवर भाऊ विचारायचा, “ताई, कधी येतेस?” आणि बाई म्हणायच्या, “एवढं पुस्तक हातावेगळं होऊ दे रे.” पुस्तक गेल्याच महिन्यात छापून आले होते. त्याची एक प्रत, भावाचे नाव घालून, त्यांच्या पिशवीत अजून तशीच होती.

बाईंनी चष्मा पुसला. तक्रारअर्ज पुढे ओढला आणि तळटिपा लिहायच्या त्या बारीक, सरळ अक्षरात सहीच्या वर चार वाक्ये लिहिली :

“मशीनची चूक नाही. दोन्ही तारखा बरोबर आहेत. त्या दुपारी बारा नंबरच्या खोलीत कोणी गेले नाही. अकरा महिन्यांत मीही एकदाही गेले नाही.”