पाण्याला वाट

वीरय्या लँड रोव्हरच्या पोटाखाली पाठीवर पडून हातोडीने चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाजवत पुढून मागे सरकत होता. टण, टण, टण. मध्यावर आल्यावर आवाज बसला. त्याने जरा जोर लावला, तशी हातोडी दांड्यापर्यंत आत घुसली. त्याच्या छातीवर डांबराचे ढलपे पडले, लाल भुगा पडला आणि मागोमाग गढूळ पाण्याची धार लागली.

"काय झालं रे?" बाहेरून लाव आंटीने विचारलं. भाजीची टोपली पालथी घालून ती तिच्यावर चहा पीत बसली होती. पायांत चिखलाचे गमबूट तसेच.

"हातोडी अडकली."

"हातोडी तुझी, तू बघ. मी गाडीचं विचारतेय."

वीरय्याने हातोडी हलवून हलवून बाहेर काढली. गाडीचा वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, त्याला गंज म्हणजे काय ते ठाऊक नाही. खालची चासी मात्र पोकळ पोलादाची. वरून कीर्तन, आतून तमाशा, असा सगळा मामला.

मलेशियातल्या ब्रिनचांग गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत आंटीचा कोबीचा मळा होता. तिथवर जाणारा रस्ता म्हणजे नुसती घसरगुंडी. चकचकीत नव्या पिकअप अर्ध्यातून मागे सरायच्या. ही म्हातारी गाडी मात्र कोबीने लादलेली गुरगुरत वर-खाली करायची. आंटीच्या पुतण्याने आधीच भंगारवाल्याशी बोलणी केली होती. गाडी गेली तर मळाही गेला, हे आंटीला कोणी सांगायला नको होतं.

"भंगार?" तिने विचारलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

"माझ्या गॅरेजातून भंगारात गेलेली एक तरी गाडी दाखवा. कुजलंय ते कापून काढतो, नवं पोलाद बसवतो. तुम्ही खुशाल कोबी लावा."

"फुशारकी बापाची उचललीस अगदी."

"कसबही त्याचंच उचललंय, आंटी."

आंटी हसली. मग कप खाली ठेवत म्हणाली, "इतकी वर्षं तगली ती माझ्या म्हाताऱ्यामुळे. आमचं चिनी नववर्ष आलं की लोक घरं रंगवायचे, हा गाडीला डांबर लावायचा. शेवटच्या वर्षी धाप लागत होती, तरी रांगत गाडीखाली गेला. म्हटलं, राहू दे. ऐकतोय कुठला!"

वीरय्याने हातातला ढलपा बोटांनी उलगडला. कुएह लापिस या तिथल्या मिठाईच्या वडीसारखे थरावर थर, एकेक थर एकेका वर्षाचा. पाणी निथळून जावं म्हणून चासीच्या तळाला भोकं असतात. आंटीच्या नवऱ्याने, लाव अंकलनी, प्रेमाने ती एकूण एक बुजवून टाकली होती. वरून शिरलेलं पाणी आत कोंडून राहिलं आणि त्याने पोलाद आतून खाल्लं. गाडी मारली होती ती डांबरानेच.

वीरय्याची जीभ काही मऊ म्हणून प्रसिद्ध नव्हती. देवळाच्या अध्यक्षाला तो तोंडावर म्हणाला होता, की तुमची गाडी माणूस चालवतो का रेडा? पण चाकांमधून त्याला आंटीचे गमबूट दिसत होते. उजव्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं, नीट कापून डकवलेलं. तेही अंकलचंच काम असणार.

"अंकलनी राखली म्हणून टिकली," तो म्हणाला. "नाहीतर केव्हाच मोडली असती."

"हं," आंटी म्हणाली आणि उरलेला चहा तिने संपवला.

मग तो कामाला भिडला. गाडी टेकूंवर सारखी बसवली, डांबर खरवडून काढलं, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत गेला. नवी पट्टी एका दमात जोडली तर उष्णतेने चासी वाकते. म्हणून इकडे बोटभर, तिकडे बोटभर, असा तो टाके घालत होता. मधून मधून दरवाजे लावून बघायचा. खट्‌कन बसले की स्वतःलाच शाबासकी द्यायचा. जोडावर तांबड्या प्रायमरचा हात फिरवला तेव्हा त्याची छाती फुगली होती.

नेमकी तेव्हाच आंटी आली. हातात काळा पडलेला डबा आणि केस कडक झालेला ब्रश.

"शेवटचं डांबर. त्याने यंदासाठी ठेवलं होतं. तापवून लाव."

घ्या! आपलंच गोड खोटं दारात येऊन उभं राहिलं. नाही म्हणावं, तर अंकलचं सगळं रांगणं फुकट गेलं असं आंटीच्या तोंडावर सांगायचं. लावावं, तर हे नवं पोलादही तसंच सडणार, आणि एक दिवस भरल्या गाडीनिशी आंटी त्या उतारावर असणार.

"लावतो की," तो म्हणाला. "पण एक काम राहिलंय."

ड्रिल घेऊन तो खाली शिरला. चासीच्या तळाला, जिथे जिथे पाणी साचेल तिथे तिथे, त्याने भोकं पाडली. प्रत्येकात ग्रीस लावलेली लाकडी खुंटी ठोकली. डांबर वाळलं की खुंट्या उपटायच्या, भोकं मोकळी. तो बाहेर आला तेव्हा आंटीने डबा चुलीवर चढवला होता आणि ती वाकून बघत होती.

"नवीन पद्धत आलीय हल्ली," तो घाईघाईने म्हणाला. "अंकलच्या वेळी नव्हती."

"होती."

आंटीने चुलीवरचं डांबर ब्रशने ढवळलं. "दर वर्षी मी डोकेफोड करायचे, अरे, पाण्याला वाट ठेव. म्हणायचा, तू तुझे कोबी बघ."

तिने डबा उचलला, जमिनीवर पोतं अंथरलं आणि कण्हत कण्हत ती स्वतःच गाडीखाली शिरली.

"संध्याकाळी पुतण्या येईल," खालून तिचा आवाज आला. "त्याच्यासमोर ते पुन्हा म्हण."

"काय, आंटी?"

"अंकलनी राखली म्हणून टिकली. तेच." ब्रश पोलादावर फिरू लागला. "आणि आता उजेड अडवू नकोस, सरक."

वीरय्या बाजूला सरकला.