सात नंबरची साडी

करडी गावच्या बुद्धविहारात चौदा एप्रिलला सगळ्या बायका पांढरी साडी नेसून येत. कोणाची भारी, कोणाची साधी, दुरून कळत नसे. रत्नमालाबाईंना तेच मोलाचं वाटे. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. मिरवणुकीची रांग त्याच लावीत आणि मास्तरीणबाईंच्या शेजारी मुद्दाम भाताच्या रोवण्याला जाणारी मजूर बाई उभी करीत.

त्यांची सून तृप्ती नागपूरला फॅशन डिझाइन शिकलेली. तुमसरला तिचं बुटिक होतं. त्या वर्षी जयंतीसाठी तिनं 'लिमिटेड एडिशन' काढली. पांढरी साडी, निळी किनार, किनारीत हातानं रंगवलेली पिंपळपानं आणि पदराच्या टोकाला प्रत्येकीचा वेगळा नंबर. मोजक्याच साड्या, संपल्या की पुन्हा निघणार नाहीत. मोबाइलवर जाहीर झाल्या त्याच दुपारी संपल्या. मिळालेल्या बायका पदर असा घेऊ लागल्या की नंबर समोर दिसावा.

जयंतीच्या सकाळी तृप्तीनं विहारापुढे फोटोग्राफर आणला. नंबरवाल्या पुढे सरसावल्या. म्हाताऱ्या पंचफुलाबाई नेहमीसारख्या पहिल्या रांगेत उभ्या होत्या, धुऊन धुऊन पिवळसर पडलेल्या साडीत.

"आजी, जराशा बाजूले व्हा," तृप्ती म्हणाली. "एडिशनचा फोटो आहे."

रत्नमालाबाई तीरासारख्या मध्ये आल्या. "कोणाले बाजूले करून राहिली तू? तुया जन्माआधीपासून त्या इथं उभ्या राहतात."

"एका फोटोपुरतं म्हटलं, आई."

"विहार आहे हा, तुयं दुकान नाही. जिथं सगळे सारखे, तिथं तू नंबर लावाले निघाली!"

तृप्तीचा चेहरा तापला. "सारखे म्हणजे सगळ्यायनं स्वस्तातलंच नेसायचं का? बाबासाहेब सुटाबुटात राहत होते. आपल्या बाया चांगल्या दिसल्या की तुम्हालेच काहून खुपते?"

"चांगलं नेसणं नाही खुपत. दुसरीले तशी साडी भेटू नये म्हणून नेसता, ते खुपते. नंबरवाल्या सगळ्या मागं व्हा!"

मागं कोणीच गेलं नाही. निम्म्या बायका तृप्तीसोबत तुमसरच्या मिरवणुकीला निघाल्या. रत्नमालाबाईंचा मुलगा सुगत आईकडे न पाहता गाडी काढून त्यांच्यामागे गेला.

संध्याकाळी रत्नमालाबाई पंचफुलाबाईंकडे गेल्या. "मनाले लावून घेऊ नका, मावशी. मी सोडलं नाही तिले."

पंचफुलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मायासाठी भांडली तू?"

"मंग कोणासाठी?"

"मले ते साडी पाहिजे होती. तृप्तीले म्हटलं, एक मले ठेव. तर म्हणे संपल्या. आता तू म्हणतेस, नेसूच नये. तुम्हा दोघीले मायी हौस कधी दिसली का?"

रत्नमालाबाईंना झोंबलं. पाणीही न घेता त्या उठल्या.

पुढे तृप्ती आणि सुगत तुमसरलाच खोली करून राहिले. सणावारीही येणंजाणं बंद झालं.

दुसऱ्या वर्षी जयंतीच्या आधीच तुमसरच्या बाजारात ती साडी ढिगानं आली. कापड पॉलिस्टरचं, पानं छापील. नक्कल करणाऱ्याच्या हाती सात नंबरची साडी लागली असावी, कारण प्रत्येक पदरावर सातच होता. गावानं ती हौसेनं घेतली. जयंतीला पंचफुलाबाई तीच नेसून पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या, पदर पुढे घेऊन. अख्ख्या रांगेत साधी, बिननंबरची पांढरी साडी एकट्या रत्नमालाबाईंची.

गावानंही नक्कल घेतल्याची बातमी ऐकून तृप्ती विहाराच्या फाटकापाशी येऊन उभी होती. रत्नमालाबाई तिच्याजवळ गेल्या.

"ही चोरी आहे," तृप्ती दात आवळून म्हणाली. "माझी पानं आहेत ती."

"नंबर मिरवाले तूच शिकवलं त्यायले."

"तुम्हाले सगळ्या सारख्याच पाहिजे होत्या ना? घ्या, झाल्या सारख्या!"

रत्नमालाबाईंनी आपला पदर खांद्यावर ओढून घेतला.

"ऊन चढून राहिलं," पंचफुलाबाई रांगेतून ओरडल्या. "यायचं असन तर या, नाहीतर राहा तिथंच!"

दोघींपैकी कोणीही हललं नाही. रांग त्यांना तिथंच टाकून पुढे निघाली.