चंडोलाची झिजलेली पिसं

मित्रांनो, मी मोटारीच्या नाकावर बसणारा एक जुना पितळी बिल्ला आहे. चारचौघांत तोंड दाखवायला मला जागा उरलेली नाही, आणि खरं सांगायचं तर दाखवण्यासारखं तोंडही उरलेलं नाही. तरी आज बोलतो. मनात ठेवून ठेवून लाज काही कमी होत नाही.

माझा जन्म चंडोल मोटर कंपनीच्या कारखान्यात झाला. चंडोल पक्षी तुम्ही पाहिला असेल. एवढासा जीव, पण गात गात सरळ आभाळात चढतो. तोच आमच्या कंपनीची खूण होता. ओतशाळेत पितळेचा रस साच्यात पडला आणि मी आकाराला आलो. मग एका कारागिराने बारीक छिन्नीने माझं एकेक पीस कोरलं. डोळा दिला, चोच दिली, पाठीमागे उगवता सूर्य दिला आणि भोवती कंपनीचं नाव. शेवटी पंखांत निळा मिना भरला. तेव्हा मी इतका देखणा होतो की स्वतःवरच खूश असायचो. बढाई नाही मारत, पण ज्या मोटारीवर मी बसलो, तिच्याकडे लोक आधी माझ्यामुळेच बघत.

ती मोटार नागपूरच्या तांडापेठेत बाबनरावांच्या दारात आली. बाबनराव विणकर. करवतकाठी लुगडी विणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण यंत्रमागांपुढे हातमाग किती दिवस तग धरणार? त्यांनी माग मोडला आणि भाड्याने मोटार चालवायला सुरुवात केली. उमरेडची लग्नं, नरखेडचे संत्र्यांचे व्यापारी, मेडिकलला निघालेले रोगी, सगळ्यांना आम्ही पोचवलं. धूळ खाल्ली, पण मान होता.

विणकरांच्या घरी दसऱ्याला धोट्याची पूजा होते. मागावर इकडून तिकडे सूत नेणारा तो धोटा म्हणजे त्यांचं पोट. पहिल्या दसऱ्याला मैनाबाई, म्हणजे बाबनरावांच्या घरधनीण, रिकामा पाट घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. धोटा तर मागाबरोबर गेलेला. बाबनरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हाच आता आपला धोटा वं. याच्याच भरवशावर पोट भरून राहिलं आपलं."

झालं! त्या दिवसापासून मी देव झालो. आणि देव म्हटला की त्याला घासणं आलंच. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मैनाबाई मला देवाच्या भांड्यांसारखं घासायच्या. दसऱ्याला तर घासायच्याच, पण सणवार असो नसो, गाडी दूरच्या भाड्याला निघाली तरी घासायच्या. मी उन्हात असा चमकायचो की समोरचा ट्रकवालाही डोळे मिचकावायचा. मोटारीचे बिल्ले असे घासायचे नसतात, हे त्यांना कोण सांगणार? ज्याने पोट भरतं त्याच्यावर डाग राहू द्यायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

पुढे मोटार थकली आणि भंगारात गेली. त्या दिवशी बाबनरावांनी मला हलक्या हाताने उचकटून खिशात घातलं. काही वर्षांनी तेही गेले. मैनाबाई मुलासोबत प्रताप नगरला राहायला आल्या आणि मी देव्हाऱ्यात कुलदेवीच्या टाकाशेजारी जाऊन बसलो. घासणं मात्र सुटलं नाही. उलट वाढलं. घासता घासता त्या कोणाशी बोलत असतील, हे तुम्हीच ओळखा.

त्यांचा मुलगा अभिजीत वर्धा रोडवरच्या चंडोलच्याच शोरूममध्ये गाड्या विकायला लागला. एका संध्याकाळी तो देव्हाऱ्यापाशी बसून आईला मोबाइलवर चित्रं दाखवत होता. त्यात माझी धाकटी भावंडं, म्हणजे माझ्यानंतरचे कंपनीचे बिल्ले, मी पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्याच्या पाठीमागचा सूर्य गायब. तिसऱ्याची पिसं गेलेली, अंगाला पितळ नव्हे, चांदीचा मुलामा दिलेलं प्लास्टिक. चौथा म्हणजे गोलात नुसता एक पंख. आणि यंदाचा अगदी नवा? एक वाकडी रेघ! ना डोळा, ना चोच. कंपनीची शहाणी माणसं थंड खोलीत बसून वर्षानुवर्षं एकच काम करत होती, चंडोलाचं एकेक पीस उपटायचं. मला हसू आलं. म्हटलं, काय ही भावंडं, खानदानाचं नाक कापलं!

"नवा बिल्ला आला म्हणून शोरूममधी सगळे जुने लावाचे आहेत," अभिजीत म्हणाला. "पहिला कोणापाशीच नाही. म्या सांगून ठेवलं, आमच्या घरी असली वाला आहे. माय, तू पण चाल वं. तुह्याच हातानं ठेव."

मैनाबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! सकाळी त्यांनी बाबनरावांनी विणलेलं करवतकाठी लुगडं नेसलं. आणि मला समोर घेतलं. लोकांत जायचं, तर चकचकीत नको? त्यांनी घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. माझ्या पंखाच्या कडेला निळ्या मिन्याचा एक टिपका अजून तग धरून होता. तोही त्या सकाळी चिंचेच्या पाण्यात वाहून गेला. त्यांना दिसलं नाही. त्यांची नजर कधीचीच अधू झालेली. त्यांच्या बोटांना मी गुळगुळीत लागलो आणि त्या समाधानाने हसल्या.

शोरूममध्ये लाल मखमलीची फळी होती. पहिली जागा रिकामी. तिथली व्यवस्था बघणाऱ्या रितिकाने मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि गोंधळून विचारलं, "अभिजीत, हा तर आत्ताचाच लोगो आहे ना? जुना घरी विसरलास काय?"

फळीच्या शेवटी नवा बिल्ला होता. त्याच्या चकाकीत मी स्वतःला पाहिलं. मित्रांनो, तिथे एक वाकडी रेघ होती. सूर्य नाही, डोळा नाही, चोच नाही, एक पीस नाही. ज्यांना मी हसलो होतो, त्यांच्यात आणि माझ्यात तिळाएवढाही फरक नव्हता.

मागून कोणीतरी म्हणालं, "आजीनं तर कंपनीच्या पहिलेच नवा लोगो बनवून टाकला बे!" सगळे खो खो हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण मैनाबाईंची मान खाली गेली.

"म्या घासला जी," त्या पुटपुटल्या. "चांगला दिसला पाहिजे म्हणून घासला."

त्यांनी मला उचललं आणि पदराखाली लपवलं. मला नव्हे, बहुतेक स्वतःचे हात लपवले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझ्या उघड्या बोडक्या तोंडाची लाज होतीच. पण ज्या बाईने मला देव मानलं, तिला माझ्यापायी चारचौघांत ओशाळवाणं व्हावं लागलं, ती लाज मला आजही जाळते. माझ्या जागी शोरूमवाल्यांनी पहिल्या बिल्ल्याचं कागदावर छापलेलं चित्र चिकटवलं.

घरी येताना ऑटोत अभिजीत एवढंच म्हणाला, "काहून घासलं वं माय एवढं?" घरी आल्यावर त्याने मला एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून वरून चिकटपट्टी मारली. "आता हात नको लावू त्याले. राहू दे जेवढा राहिला तेवढा." तो रागाने बोलला नाही. बापाची आठवण जपायला निघाला होता बिचारा.

तेव्हापासून मी पाकिटात आहे. यंदाच्या दसऱ्याला मैनाबाईंनी सगळे देव धुतले. कुलदेवीचा टाक हातात घेऊन घासला. त्या टाकावरचे देवीचे नाकडोळे तर माझ्याही आधी पुसले गेलेत, पण देवी खराब झाली असं त्या घरात अजून कोणी म्हटलेलं नाही. मग त्यांचा हात माझ्याकडे आला, चिकटपट्टीपाशी थांबला आणि मागे गेला. त्यांनी प्लास्टिकवरच कुंकू लावलं. ते लगेच झडून खाली पडलं.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. जरूर जपा. पण एखादी वस्तू झिजलेली दिसली, तर हसण्याआधी विचारा, कोणाच्या हाताने झिजली? आणि कधी प्रताप नगरला त्या घरी आलात, तर माझं एक काम करा. पाकीट फोडा, मला मैनाबाईंच्या हातात द्या, आणि सोबत चिंचेचा एक गोळा. मला अजून झिजायचं आहे.