तिरकी खुर्ची

आईची खोली रिकामी करून द्या, असा क्लिनिकमधून दोनदा निरोप आला, तेव्हा कुठे लेक गेली. आईला जाऊन महिना उलटला होता. आईच्या हाताखाली मानसोपचार शिकलेली ट्रेनी दारातच उभी होती. तिचे डोळे सुजलेले. लेकीचे कोरडे ठणठणीत.

"ताई, चहा सांगू?"

"नको. खोकी आण."

पुस्तकं, चष्म्याचं घर, एक शाल. आवरायला फारसं नव्हतंच. ट्रेनीच्या तोंडाला मात्र खळ नव्हता.

"पहिल्या वर्षी मॅडमनी मला सळो की पळो करून सोडलं. पेशंटचं वाक्य तोडलं की म्हणायच्या, 'तुझी गाडी सुटतेय का?' पण माझं ऐकायच्या हं. माझं लग्न मोडलं तेव्हा अख्खी दुपार ऐकलं. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही."

लेक खोक्याला चिकटपट्टी लावत राहिली. लग्न तिचंही मोडलं होतं. आई जेवणाच्या टेबलाशी समोर बसून म्हणाली होती, "वकील बघितलास ना? मग थोडक्यात सांग. दिवसभर ऐकून कान किटलेत माझे."

"आई माझ्याबद्दल काही बोलायची?"

एवढं एक विचारायलाच ती आली होती. खोकी काय, शिपायानेही भरली असती.

ट्रेनी अडखळली. "म्हणायच्या, लेक खंबीर आहे माझी. तिला कुणाची गरज लागत नाही."

"असं."

"बसा ना, ताई." ट्रेनीने पेशंटची खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःची जरा तिरकी लावली. "मॅडमचंच हे. समोरासमोर बसलं की माणूस उत्तरं देतो, तिरकं बसलं की बोलतो."

लेक बसली. ट्रेनीने मान किंचित कलती केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कसं वाटतंय?"

मान आईची. आवाजही आईचाच, पण घरातला नव्हे. लहानपणी बंद दाराआडून ऐकू यायचा तो, पेशंटसाठी राखलेला. ट्रेनी थांबून राहिली. घाई नाही, चुळबूळ नाही. शिकवण पक्की होती.

लेक उठली. तिने आपली खुर्ची फिरवून ट्रेनीच्या बरोबर समोर आणली आणि पुन्हा बसली.

"आता विचार," ती म्हणाली. "थोडक्यात सांगते."