पूर्वीसारखी पाठ

दिवसभर लोकांच्या पाठी दाबून संध्याकाळी माझीच पाठ धरते, आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके मोकळे करणारी, म्हणून दारावर पाटी लावलेल्या बाईची पाठ दुखते म्हटलं की लोक हसतात. हसू देत. न्हाव्याचे केस वाढत नाहीत की काय?

माझ्याकडे गोल्फवाले बरेच येतात. गावाबाहेरच्या मैदानावरची निवृत्त मंडळी. सगळ्यांचं रडगाणं एकच, कंबर. तपासायला घेतलं की कंबर बिचारी बरी असते, तिच्या वरचा भाग लाकूड झालेला असतो. दांडा मागे न्यायचा तर छातीमागचे मणके वळायला हवेत. ते वळत नाहीत, मग सगळा पीळ कंबरेच्या वाट्याला. घरात एकाने अंग काढून घेतलं की दुसऱ्याच्या डोक्यावर बसतं, तसंच. मी ते सांधे हाताने मोकळे करते, घरी करायला व्यायाम देते. बऱ्याच जणांना फरक पडतो, काहींना नाही पडत. जादू करते अशा थापा मी मारत नाही, त्यामुळे गर्दीही बेताचीच असते.

बाबाही त्याच मैदानावर खेळतात, त्यांना मात्र मीच ओढून आणलं. जमिनी मोजण्याच्या खात्यात जन्म गेला त्यांचा, आता खुर्चीतून उठतानाही आई आठवायची. कुरकुरत आले, पण येत राहिले. हळूहळू पाठ वळायला लागली. मोजे घालताना भिंतीचा आधार लागेनासा झाला, आणि बॉल पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जायला लागला. मीही माणूसच आहे, खूश झाले.

मग एका संध्याकाळी ते टेबलाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "पूर्वीसारखी करून दे."

"काय?"

"पाठ. आखडलेली होती तशी."

"बाबा, मी दमलेय. चेष्टा नको."

चेष्टा नव्हती. मास्तरकाकांचा प्रश्न होता.

मास्तरकाका म्हणजे बाबांचे जोडीदार. शाळेत गणित शिकवायचे. माझ्या लग्नाआधीपासून दोघं दर रविवारी जोडीने खेळतात. जोडीला बॉल एकच, आळीपाळीने मारायचा. पहिला फटका बाबांचा, दुसरा मास्तरकाकांचा. बाबांची पाठ आखडलेली होती तोवर त्यांचा बॉल जवळच पडायचा, आणि दर वेळी त्याच जागी. मास्तरकाका गप्पा मारत सरळ तिथे चालत जायचे.

"त्याला दिसत नाही," बाबा म्हणाले. "पायाशी आलेला बॉल मान वाकडी करून कसाबसा दिसतो. लांबचं काही नाही. मला केव्हाचं माहीत आहे. आता बॉल पुढे जातो, आणि हा जुन्या जागी जाऊन गवतात शोधत बसतो. परवा मागचा एकजण ओरडला, मास्तर, काय पेरताय का तिथे? सगळे हसले."

"मग त्यांना सांगा ना, पुढे पडलाय म्हणून."

"आणि मला कळलंय हे त्याला कळलं की तो घराबाहेर पडायचा नाही. फार मानी आहे तो. बायको गेल्यापासून रविवार सोडला तर आहे काय त्याच्याकडे?" ते जरा थांबले. "तुझी आई गेल्यापासून मला तरी काय आहे?"

मी म्हटलं, पाठ आखडवून देण्याचं शास्त्र मी शिकलेले नाही.

"मग मी अंग आवरून मारतो," बाबा म्हणाले.

आणि खरंच तसं करायला लागले. अर्ध्यातच अंग धरायचं, अर्ध्यातच थांबायचं. थोड्याच दिवसांत कंबर परत ठणकायला लागली, पाठीचे स्नायू दोरखंडासारखे. मी मोकळं करायचं, त्यांनी रविवारी घट्ट करून आणायचं. पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडले, रडले, अबोलाही धरून पाहिला. म्हातारा ऐकेना.

दिवसातली शेवटची वेळ घरच्यांसाठी राखून ठेवायची माझी पद्धत आहे. मास्तरकाकांचा फोन आला, मान धरलीय म्हणाले, तर मी सवयीने त्यांना तीच वेळ दिली. ती आधीच बाबांना दिली होती हे डोक्यात आलंच नाही. डोकं ठिकाणावर होतं कुठे?

बाबा टेबलावर पालथे, तोंड टेबलाला चेहऱ्यासाठी असलेल्या भोकात, अंगावर पांढरी चादर. खिडकीचा पडदा ओढलेला. दार ढकलून मास्तरकाका आत आले, थेट टेबलाकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "एकटीच आहेस ना पोरी?"

मी काही बोलणार तेवढ्यात चादरीखालून बाबांचा हात आला आणि माझा ॲप्रन घट्ट धरला.

"मानेचं निमित्त आहे," मास्तरकाका म्हणाले. "तुझ्या बाबांविषयी बोलायचंय. हल्ली तो अंग चोरून मारतो. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं. मोकळा फटका टणकन वाजतो, हा भद्द वाजतो. मारून झालं की कळ जाईपर्यंत श्वास धरून उभा राहतो. माझ्यासाठी करतोय, येडा."

ॲप्रनवरची बाबांची मूठ आणखी आवळली.

"त्याला सांग, मास्तरचे गुडघे गेलेत, चालायची बंदी आहे. मला हे कळलंय ते त्याच्या कानावर घालू नकोस, जिवाला लावून घेईल. मी रविवार सोडतो. त्याची पाठ तेवढी राहू दे." रविवार सोडतो म्हणताना ते काय सोडत होते, हे खोलीत आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

टेबलाच्या भोकातून आवाज आला, "गुडघे ठणठणीत आहेत तुझे, खोटारड्या."

मास्तरकाकांनी मान तिरकी केली. तेव्हा कुठे डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना बाबा दिसले असावेत.

"कधीपासून आहेस इथे?"

"तुझ्या आधीपासून. डावीकडे स्टूल आहे, बस."

ते चाचपडत बसले. माझ्यादेखत, बाबांच्या देखत, पहिल्यांदाच न लपवता चाचपडले.

"रविवारी मी लांब मारणार," बाबा म्हणाले. "तू माझा हात धरून चल."

"लोक हसतील."

"हसू देत."

माझे तळवे बाबांच्या पाठीवर होते. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि कित्येक दिवस दगडासारखी धरून ठेवलेली पाठ खाली बसली. मी डोळे पुसले आणि कामाला लागले. यांच्यानंतर, निमित्ताची का होईना, मास्तरकाकांची मान बघायची होती, म्हणजे घरी जायला आजही उशीर होणार होता.