सालीतलं केळं

शाळेच्या हेडबाई नर्मदाबाई दर बुद्धपौर्णिमेला सत्यशीलाबाईंच्या घरी यायच्या. चहा नको, खीर नको. "मला आपलं एक केळं द्या, पुरे," असं गोड हसून म्हणायच्या. साल असली की केळं म्हणे बौद्धाच्या घरातही बाटत नाही! पाच वर्षं सत्यशीलाबाईंनी हे पोटात घातलं. सहाव्या वर्षी त्यांचं डोकं फिरलं.

मुंबईच्या भावानं केकच्या तयार पिठाचं विलायती खोकं पाठवलं होतं. त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या केळ्यांच्या चकत्या पातेल्यात पसरल्या, वर ते पीठ भुरभुरलं, तूप सोडलं आणि खाली तापलेली वाळू, झाकणावर निखारे ठेवून भाजलं. वासानं गल्ली जागी झाली.

नर्मदाबाई आल्या. "मला आपलं एक केळं..."

"हाय की! लय हायेत." सत्यशीलाबाईंनी वाफाळत्या केकची बशी पुढं केली.

नर्मदाबाईंचा हात पदरातच राहिला. "अहो, सालीतलं नाही का एखादं?"

"केळी सगळी ह्यात गेली, बाई. साली तेवढ्या शेळीसाठी ठेवल्यात. बांधून देऊ?"